बोली लावा, पण करमणुकीच्या खात्यातून

लिलाव हा शब्द आपल्याकडे काही चांगल्या अर्थानं वापरला जात नाही. घरावर जप्ती आली, भांडीकुंडी अंगणात मांडून लिलाव झाला, की माणूस गावात तोंड दाखवेनासा होई. अब्रूचा लिलाव, इमानाचा लिलाव, असे आपले वाक्प्रचार. त्यामुळे ‘मी हल्ली रात्री जेवणं झाली की लिलावात बोली लावतो’ असं मंडळाच्या कोजागिरीला सहज बोलून गेलो, तेव्हा समोरच्या दोघांनी मसाला दुधाचे पेले हातातच धरून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की हा गृहस्थ आता अटलांटिक सिटीच्या बसमध्ये बसायचाच काय तो बाकी आहे. तिसऱ्यानं मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, ‘जुन्या नाण्यांत पैसे टाकले तर दहा वर्षांत दुप्पट होतात म्हणे. फोर-ओ-वन-के मधले थोडे काढू का?’

हे दोन्ही विचार मला पटत नाहीत, आणि दुसरा जास्त धोक्याचा वाटतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्यापान्या वस्तू संगणकावरच्या लिलावात घेणं हा निवृत्तीनंतरचा फार गोड छंद आहे आणि तितकीच वाईट गुंतवणूक आहे. नाटकाच्या तिकिटांचे, सहलीचे पैसे आपण ज्या खात्यातून देतो त्याच खात्यातून हेही द्यावेत. परत येतील या हिशेबानं एक डॉलरही देऊ नये.

या धंद्याची सुरुवातच मोठी बोलकी आहे. १९९५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात पिएर ओमिद्यार नावाच्या तरुणानं ‘ऑक्शनवेब’ सुरू केलं. तेच १९९७ साली ‘ईबे’ झालं. तिथं विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेसर पॉइंटर, किंमत १४ डॉलर ८३ सेंट. ओमिद्यारनं घेणाऱ्याला कळवलं, ‘अहो, हा मोडका आहे, समजलं ना?’ उत्तर आलं, ‘मी मोडके लेसर पॉइंटरच जमवतो.’ ओमिद्यारच्या वाग्दत्त वधूला ‘पेझ’ गोळ्यांच्या डब्या जमवायच्या होत्या म्हणून हे सुरू झालं, अशी एक गोष्ट पुढे बरीच वर्षं छापून येत असे. ती कंपनीच्या प्रसिद्धी खात्यानं १९९७ मध्ये रचलेली होती, हे २००२ साली ॲडम कोहेन यांच्या पुस्तकातून बाहेर आलं. मला विचाराल तर मोडक्या पॉइंटरची खरी गोष्टच सरस आहे. छंदी माणूस कसा असतो हे तिच्यात सगळं आलं.

आता गंमत कशात आहे ते सांगतो. पुण्यात वाढलेल्यांना बुधवार-रविवारचा जुना बाजार आठवत असेल. जमिनीवर पसरलेल्या गोणपाटावर कुलपं, स्टोव्हचे बर्नर, पुस्तकं, आणि त्यातच एखादी अशी वस्तू, की विकणाऱ्याला तिची किंमत ठाऊक नाही आणि आपल्याला आहे. चेहरा मख्ख ठेवून ‘हे केवढ्याला?’ असं विचारण्यातला तो आनंद मला इथं न्यू जर्सीत बसून परत मिळाला. आणि इथं तर आपल्याकडे एक हुकमाचं पान आहे. आपल्याला देवनागरी वाचता येते!

माझा मुख्य नाद जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचा, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. ओहायोतल्या किंवा व्हरमाँटमधल्या एखाद्या घरातले म्हातारे गेले की वारस घरातलं सामान विकायला काढतात. त्यातले कुणी कधीकाळी हिंदुस्थानात मिशनरी होते, कुणी प्राध्यापक होते. त्या सामानातली तबकडी विकणारा ‘जुनी अरबी तबकडी’ किंवा ‘संस्कृत मंत्र’ असं लिहून मोकळा होतो. फोटो मोठा करून पाहावा तर कुत्र्याच्या चित्राखाली स्वच्छ मराठीत नाटकाचं नाव. ‘अरबी’ म्हणून आलेली बालगंधर्वांची ‘स्वयंवर’ नाटकातली एक तबकडी मी अकरा डॉलरला घेतली. माझ्याविरुद्ध बोली लावणारा एकच होता. त्यालाही देवनागरी येत असावी असा मला दाट संशय आहे.

वस्तू हाती आली की खरा छंद सुरू होतो. लेबलवरचा क्रमांक, मागच्या बाजूचं पद, साथीला कोण, साल कोणतं, हे शोधताना दोन-तीन संध्याकाळी कशा जातात कळत नाही. या शोधात काय काय हाती लागतं पाहा. या तबकड्या लाखेच्या असत, लाख आणि दगडाची पूड यांच्या मिश्रणाच्या. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश म्हणजे आपला. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेडरिक गायस्बर्ग यांनी कलकत्त्याला गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, पण तबकडी छापायला ते गाणं जर्मनीत हॅनोव्हरला गेलं. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत हे असंच चाललं. म्हणजे आपल्याकडची लाख आणि आपल्याकडचं गाणं युरोपला जाऊन तबकडी बनून परत यायचं. गौहर जान यांनी गाण्याच्या शेवटी आपलं नाव इंग्रजीत सांगितलेलं ऐकू येतं, ते का, याचं एक कारण हेच देतात, की तिकडच्या कामगारांना कुणाची तबकडी हे कळावं. हे मी आमच्या नातवाला सांगितलं तेव्हा त्यानं कानातल्या गुंड्या काढून दोन मिनिटं ऐकलं. अशा दोन मिनिटांची किंमत कुठल्याही ब्रोकरच्या पत्रकात दिसत नाही.

बोली कशी चालते हे समजून घेतलं तर अर्धे पैसे आणि पूर्ण झोप वाचते. तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल तो आकडा एकदाच लिहायचा. तो कुणाला दिसत नाही. समजा, तुम्ही ४० डॉलर लिहिले आणि दुसऱ्याची कमाल बोली २२ असली, तर वस्तू तुम्हाला ४० ला नाही, साडेबावीसला मिळते. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची बोली आणि वर एक पायरी. या पद्धतीचं गणित विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ साली मांडलं. त्यांना १९९६ चं नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते वारले. गंमत म्हणजे अमेरिकेतले टपाल तिकिटांचे व्यापारी १८९३ पासून पत्रानं बोली मागवताना साधारण हीच पद्धत वापरत होते. या गणिताचा आपल्यापुरता अर्थ इतकाच, की आपल्या मनातला खरा आकडा लिहिण्यातच आपलं हित आहे. कमी लिहून उपयोग नाही, चेव येऊन वाढवून तर मुळीच नाही.

पण माणसाचा स्वभाव! शेवटच्या दहा सेकंदांत बोली टाकायची, समोरच्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही, असं करणारे पुष्कळ आहेत. त्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअरही मिळतं. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली यावर एक निबंध लिहिला. ईबेचा लिलाव ठरल्या वेळी बंद होतो. ॲमेझॉनचे त्या काळी जे लिलाव चालत, त्यांत शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत दहा मिनिटांनी वाढत असे. शेवटच्या क्षणाची धावपळ ईबेवर फार जास्त आढळली. म्हणजे रात्री अडीचला गजर लावून उठणारे आपले लोक जितके स्वभावाला बळी पडतात तितकेच लिलावाच्या नियमालाही. एकदा अशाच शेवटच्या पाच मिनिटांत सौ.नं गुपचूप माझ्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला. आकडा रोजच्यापेक्षा वीसनं वर! मी आकडा लिहून शांत बसलो होतो तरी ही अवस्था. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे त्यांनी आकडा लिहावा, संगणक बंद करावा आणि सकाळी चहाबरोबर निकाल पाहावा. मी तरी हल्ली तेच करतो.

लिलाव जिंकणाऱ्याला एक शाप असतो, असं अर्थशास्त्रात म्हणतात. १९७१ साली तेलकंपन्यांतल्या तीन अभियंत्यांनी तो प्रथम दाखवून दिला. समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्यांसाठी अनेक कंपन्या बोली लावतात, प्रत्येकीचा अंदाज वेगळा, आणि पट्टा जिचा अंदाज सर्वांत फुगलेला तिला मिळतो. आपल्या नाण्याचंही तेच. वीस जाणकारांनी पाहिलं, एकोणीसजण थांबले, तुम्ही पुढे गेलात. तबकडी ऐकण्यासाठी घेतली असेल तर काही बिघडलं नाही. विकण्यासाठी घेतली असेल तर तुमच्याहून जास्त देणारा त्या दिवशी तरी जगात कुणी नव्हता, हे लिलावानंच सिद्ध केलेलं असतं.

आता त्या ‘दुप्पट’वाल्या मित्रासाठी पाटीवरचा हिशेब. शंभर डॉलरची बोली जिंकली. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के आणि टपालखर्च आठ डॉलर धरला तर घरी येईपर्यंत सुमारे ११५ गेले. विकायला काढली तर ईबे बहुतेक वस्तूंवर तेरा टक्क्यांच्या आसपास घेतं. म्हणजे नुसते घातलेले पैसे परत यायला वस्तू १३२ ला जायला हवी. मोठ्या लिलावगृहांत तर घेणाऱ्याकडूनच वीस टक्के आणि त्याहूनही जास्त अधिभार घेतात. नफा झालाच, आणि वस्तू वर्षाहून अधिक काळ जवळ असली, तर संग्राह्य वस्तूंवरच्या नफ्याला अठ्ठावीस टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. शेअरच्या तशाच नफ्यावर आपल्यापैकी बहुतेकजण पंधरा टक्के भरतात. तोटा झाला तर हौसेच्या वस्तूचा तोटा करातून वजा होत नाही. आणि निवृत्तीच्या आय.आर.ए. खात्यातून संग्राह्य वस्तू घेतली, तर सरकार ती रक्कम तुम्ही काढून घेतली असंच धरतं. काही ठराविक सरकारी नाणी आणि सोनंचांदी यांचा तेवढा अपवाद. वर्षभर डिव्हिडंड नाही, व्याज नाही, भाडं नाही. वस्तू कपाटात बसून तुमच्याकडे पाहते एवढंच.

एवढं करून भाव चढतीलच असंही नाही. नव्वदच्या दशकात ज्यांची मुलं लहान होती त्यांनी जरा बेसमेंटमधली खोकी आठवावीत. बीनी बेबी! मण्यांनी भरलेली ती पाच डॉलरची खेळणी. १९९७ साली मॅक्डोनाल्डनं त्यांची छोटी आवृत्ती जेवणाबरोबर दिली तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. काहींनी खेळणं घेऊन जेवण तसंच टाकून दिलं. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणारं एक जोडपं जमिनीवर बसून बीनी बेबींची वाटणी करतानाचं छायाचित्र सर्वत्र छापून आलं होतं. त्यातल्या बहुतेक खेळण्यांना आज मूळ किमतीच्या वर फारसं कुणी विचारत नाही. ‘मुलांच्या कॉलेजची सोय’ म्हणून लेबलाला प्लास्टिकची टोपी घालून ठेवणारी घरं आपल्याच मंडळात होती. मुलं कॉलेजला गेली, शिकली, कर्जही फेडून झालं, खोकी तिथंच आहेत.

नाण्यांबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण आपल्या लोकांना शिवराईची ओढ फार, आणि ती मला समजते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. तळहातावर घेतली की अंगावर काटा येतो. पण शिवराई महाराजांच्या नंतरही, पेशवाईतही पाडली जात होती आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत होती. म्हणून तांब्याच्या साध्या शिवराया आजही मुबलक आहेत, आणि उशिराच्या दुदांडी शिवराईला ‘महाराजांच्या हातची’ म्हणून शेकडो डॉलर मागणारा एक तर अज्ञानी आहे किंवा आपल्याला तसं समजतो. सोन्याचा होन मात्र अतिशय दुर्मीळ. संगणकावर ‘घरातला वडिलोपार्जित होन’ दिसला तर मान हलवायची, आडवी. तसाच ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि रामपंचायतन असलेला ‘आणा’. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही. ते तांदूळ ओढून घेतं वगैरे थापा मारून तिकडे लोकांना लुबाडतात, इथं तेच ‘टेंपल टोकन’ या नावानं येतं. अमेरिकेत १९७३ पासून नकली नाण्यावर ‘कॉपी’ असा ठसा मारायचा कायदा आहे, पण परदेशातून पाकीट पाठवणाऱ्याला त्याचं काय सोयरसुतक!

आणखी एक गोष्ट पैशाच्या पलीकडची. भारतात १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू, आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुनं, खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तरीही मोडी कागदांचे गठ्ठे, देवघरातल्या पितळी मूर्ती तिकडून थेट पाठवू असं सांगणारे विक्रेते दिसतात. तिथं मी बोली लावत नाही आणि तुम्हीही लावू नये असं मला आग्रहानं वाटतं. आपण इथं बसून वीस डॉलर दिले की तिकडे कुणीतरी आणखी एक पेटी फोडतो. इथल्याच कुणाच्या माळ्यावर साठ-सत्तर वर्षं पडून असलेली वस्तू घेणं वेगळं. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक रघूजी यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात निघाली तेव्हा महाराष्ट्र सरकारनं ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून सोडवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईला आणली. एकदा बाहेर गेलेली वस्तू परत आणायची तर ही किंमत पडते. शिवाय २०२५ च्या ऑगस्टअखेरीस परदेशातून येणाऱ्या आठशे डॉलरच्या आतल्या मालाची जकातमाफी थांबवण्यात आली. तेव्हा कुठल्याही देशातून काही मागवण्याआधी वरचा खर्च विचारून घ्यावा.

आमचा एक स्नेही तीन वर्षांपूर्वी गेला. चाळीस वर्षं त्यानं तिकिटं आणि नाणी जमवली, फार जाणकार माणूस. पण त्याचं सगळं ज्ञान डोक्यात होतं, कागदावर ओळही नव्हती. वहिनींनी मला बोलावलं तेव्हा तीन कपाटं भरून पाकिटं होती आणि कुठलं पाच डॉलरचं, कुठलं पाचशेचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. एका व्यापाऱ्यानं सगळ्याचे मिळून एक रक्कम सांगितली. ती वाजवी होती की नव्हती हे आजही मला सांगता येत नाही, वहिनींना तर नाहीच. घराच्या विम्यातही नाण्यांची भरपाई बहुधा दोनशे डॉलरच्या आसपास संपते, हे त्यांना तेव्हाच कळलं. मला सगळ्यांत लागलं ते त्यांचं एक वाक्य. ‘हे रोज रात्री इथं काय करायचे, ते मला कधी नीट कळलंच नाही हो.’

म्हणून मी एक साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. वस्तू, कुणाकडून, कधी, किती डॉलर, टपाल किती, आणि शेवटच्या रकान्यात ती का आवडली ते. हा शेवटचा रकाना सौ. वाचते आणि शेरे मारते. विकायची वेळ आली तर मूळ किमतीचा पुरावा लागतो, तोही वहीत सापडतो. वारसानं विकलं तर मूळ किंमत म्हणून मृत्यूच्या दिवशीची बाजारकिंमत धरतात. तेव्हा ‘हे कुणाला दाखवावं’ यासाठी दोन विश्वासू जाणकारांची नावंही मी पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत. वहीच्या मागच्या पानावर वर्षाची मर्यादा लिहिली आहे. ती आम्ही दोघांनी मिळून ठरवली. नाटकं, सिनेमे आणि हॉटेलं यांना जेवढे लागतात तेवढेच. यंदाची जुलैतच संपली, त्यामुळे सध्या मी फक्त बघतो. बघायला पैसे पडत नाहीत.

ज्यांना तबकड्यांपासूनच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी शेवटी एक कामाची गोष्ट. पैसे भरल्याबरोबर विक्रेत्याला नम्रपणे लिहा, की तबकडी आल्बममध्ये ठेवून पाठवू नका, ती हमखास फुटते. तबकडीहून मोठे दोन जाड पुठ्ठे घ्या, त्यांच्या उभ्या-आडव्या रेघा एकमेकींवर काटकोनात येऊ द्या, मध्ये तबकडी, चारी बाजूंनी चिकटपट्टी, आणि मग हे सगळं मोठ्या खोक्यात सर्व बाजूंनी दोन-दोन इंच भरण घालून ठेवा. मीडिया मेलनं स्वस्तात येते, आठवडा जास्त लागतो. जानेवारीत आलेलं खोकं लगेच उघडायचं नाही. गारठलेली लाख ठिसूळ होते. दोन-तीन तास घरातल्या उबेत तसंच राहू द्यावं. सौ.ला हे तीन तास फार आवडतात, कारण तेवढा वेळ मी तिच्या कुठल्याही कामाला नाही म्हणत नाही.